सोयऱ्यांची मोटार

आपल्या समाजांत सोयऱ्याधायऱ्यांच्या कोणत्या गोष्टींविषयीं बोलावें आणि कोणत्या गोष्टींविषयीं मौन पाळावें, यासंबंधीं कांहीं अलिखित नियम आहेत. भाच्याचें लग्न कां जमत नाहीं, साडूंनीं घेतलेली जागा महाग पडली कीं स्वस्त, वहिनींच्या आमटींत गूळ अंमळ जास्त होतो कीं काय, या प्रश्नांवर कोणीही, कोठेंही, न विचारतां मत देऊं शकतो. परंतु ज्या गाडींत बसून ते साडू, तो भाचा आणि त्या वहिनी आपल्या दारीं येतात, त्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले आहेत, हें मात्र बोलावयाचें नाहीं. तें बोलणें म्हणजे त्यांच्या ऐपतीवर बोट ठेवणें. आणि बोलणारा जांवई किंवा धाकटा दीर असला तर मग पाहावयासच नको. तेव्हां आपण गाडीचा रंग छान आहे असें म्हणतों, आणि दार लावून घेतों.

श्रोतेहो, आज मला या मौनाविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत. एखाद्या आप्तानें आपलें छप्पर वेळेवर शाकारलें नाहीं तर पाणी त्याच्याच डोक्यावर गळतें. मोटारीचें तसें नाहीं. तिची हेळसांड करणारा एक असतो आणि तिचा धोका वांटून घेणारे अनेक. गणपतीला गांवीं जातांना मागच्या आसनावर आपलीं मुलें बसलेलीं असतात. मुहूर्त गांठण्यासाठीं आपली आई त्याच गाडीनें निघते. आणि ज्यांचा आपल्या कुळगोत्राशीं कांहींएक संबंध नाहीं अशीं माणसें रस्त्याच्या कडेनें चालत असतात. म्हणून हा विषय खासगी नव्हे, असें माझें मत आहे. बोलावें कसें, हा प्रश्न अर्थात् उरतोच. माझ्या अनुभवास असें आलें आहे कीं, गाडींत काय बिघडलें आहे हें ओळखण्यापूर्वीं माणूस बेफिकीर कां झाला हें ओळखावें लागतें. सर्वांची बेफिकिरी एका जातीची नसते, आणि एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडत नाहीं.

वडीलधाऱ्यांपासून आरंभ करूं. ज्या पिढीनें तारुण्यांत कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, किंवा तिचाच पुढील अवतार जी प्रीमियर पद्मिनी ती चालविली, ती पिढी मोटारीची निगा राखण्यांत कोणालाही हार जाणारी नव्हती. निगा राखल्याखेरीज ती गाडी चालतच नसे. सकाळीं बॉनेट उघडून रेडिएटरमधील पाणी पाहावयाचें, दांडी काढून ऑइल पाहावयाचें, थंडीच्या दिवसांत चोक ओढून इंजिनाची मनधरणी करावयाची, हें सर्व देवपूजेइतकें नियमित चाले. न चालल्यास गाडी रुसून बसे, आणि तीही बरोबर भर चौकांत. पुढें १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली, आणि तेव्हांपासून मोटार उत्तरोत्तर सोशिक होत गेली. आजची गाडी किल्ली फिरवितांच, किंवा नुसतें बटण दाबतांच, निमूटपणें चालूं लागते. महिनोन्महिने बॉनेट उघडलें नाहीं तरी तक्रार करीत नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तेव्हां पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. त्या गाडीबरोबर सकाळीं बॉनेट उघडण्याची संवयही गेली, याची हळहळ मात्र मीं कोठें वाचली नाहीं.

तेव्हां आपले काका, मामा किंवा सासरे मुळांत निष्काळजी आहेत असें समजूं नये. नवी गाडी कांहीं मागत नाहीं, म्हणून तिला कांहीं लागत नाहीं, असें त्यांस प्रामाणिकपणें वाटतें. त्यांतच निवृत्तीनंतर गाडीचा वापर तो किती? सकाळची भाजी, बँक, महिन्यांतून एखादें लग्नकार्य. ‘गाडी वापरलीच कोठें, कीं तिचें सर्व्हिसिंग करावें?’ हा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न असतो. त्याचें उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत एका छोट्या वाक्यांत दिलेलें असतें. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं होईल तें, असें बहुतेक गाड्यांचें वेळापत्रक असतें. आपले वडीलधारे त्यांतील किलोमीटर तेवढे वाचतात. वर्ष वाचीत नाहींत.

आणि गाडी तर बसून म्हातारी होते. बाजारापर्यंतच्या फेरींत इंजिन पुरतें तापत नाहीं. त्यामुळें ऑइलांत मिसळलेली ओल आणि पेट्रोलचा अंश उडून न जातां तेथेंच सांठत राहतो. बॅटरी उभ्या उभ्या उतरते. रबर धांवलें नाहीं तरी कडक होतें आणि उन्हानें त्यास चिरा पडतात. परंतु या सर्वांहून घातक जो बदल, तो डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं. तो म्हणजे ब्रेक ऑइलाचा. हें ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. मीठ पावसाळ्यांत शोषतें तसें. ‘डॉट ४’ या नांवाचें ऑइल नवें असतांना त्याचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलें कीं तोच १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकतो. गांवांतल्या गांवांत याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु लांब घाट उतरतांना पाय ब्रेकवर सतत राहिला, चाकांजवळचा भाग तापला आणि तें ऑइल उकळलें, तर नळींत वाफ होते. ऑइल दाबलें जात नाहीं, वाफ दाबली जाते. आणि मग पेडल सरळ तळाशीं जातें. म्हणून किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, साधारणपणें दर दोन वर्षांनीं हें ऑइल बदलावें, असें जाणकार सांगतात.

आमच्या एका मामांची हकिगत येथें सांगण्याजोगी आहे. पुण्यास राहतात, वय ऐंशीच्या घरांत, दृष्टि चांगली, हात स्थिर. गाडी २०१६ सालची. २०२४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं मुलानातवंडांसह कुलदैवताला जावयाचें ठरविलें. कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. वाट कोयनानगरावरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणची. गाडी आठ वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर चाललेली, आणि शेवटचें सर्व्हिसिंग केव्हां झालें तें कोणासही ठाऊक नाहीं. टायर पाहावेत तर नक्षी नव्यासारखी. ‘नखभर झिजलेले नाहींत,’ असें मामा अभिमानानें सांगत, आणि तें खरेंही होतें. परंतु प्रत्येक टायरच्या बाजूस ‘डॉट’ या अक्षरांनीं सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटीं चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढील दोन वर्ष. मामांच्या टायरवर २२१६ होतें, म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा. जवळून पाहिलें तर बाजूच्या रबरावर सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या बारीक भेगा होत्या. अनेक टायर-उत्पादक पांच वर्षांनंतर दरवर्षीं तपासणी करावयास सांगतात आणि दहाव्या वर्षानंतर, नक्षी कशीही असो, टायर ठेवूंच नये म्हणतात. कांहीं मोटार-उत्पादक तर सहा वर्षांवरच थांबतात.

मीं हें सर्व मामांस सांगितलें. त्याचा परिणाम शून्य झाला. मामेभावानेंही सांगून पाहिलें. त्याला, ‘मी गाडी चालवूं लागलों तेव्हां तूं रांगत होतास,’ असें उत्तर मिळालें. हें उत्तर प्रत्येक घरांत तयार असतें. त्यामागें टायरचा प्रश्न नसतोच. गाडीचा दोष कबूल केला कीं उद्यां हीं मुलें किल्लीही मागतील, ही भीति असते. ऐंशीव्या वर्षीं किल्ली हातांतून जाणें म्हणजे काय, हें ज्यानें रिक्षासाठीं कोपऱ्यावर अर्धा तास काठी टेकून वाट पाहिली आहे त्यास विचारावें. म्हणून वडीलधाऱ्यांशीं बोलतांना गाडीचा विषय आणि त्यांच्या चालविण्याचा विषय एका दिवशीं कधींही काढूं नये. गाडीच्या डाव्या अंगास वारंवार नवे ओरखडे दिसूं लागले, तर तो निराळा विषय आहे; त्याचें औषध नेत्रवैद्याकडे. त्यासाठीं निराळा दिवस ठेवावा.

मामांच्या बाबतींत मार्ग सांपडला तो भलतीकडूनच. त्यांच्या कपाटांत फियाटची जुनी वही होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची. तींत पेट्रोल किती लिटर, ऑइल कोणत्या तारखेस, पॉइंट केव्हां घांसले, टायर उलटसुलट केव्हां केले, याची अठरा वर्षांची नोंद, वळणदार अक्षरांत. मामी ती वही नातीला दाखवीत होत्या. नातीनें सहज विचारलें, ‘आजोबा, आतांच्या गाडीची वही कोठें आहे?’ मामा कांहीं बोलले नाहींत. परंतु पुढल्या सोमवारीं गाडी गॅरेजमध्यें गेली. चार टायर नवे आले, ब्रेक ऑइल बदललें, ऑइल आणि कूलंट बदललें. बॅटरी मात्र त्यांनीं बदलूं दिली नाहीं. मेकॅनिकनें सांगितलें म्हणून सर्वच ऐकावयाचें म्हणजे काय! ती बॅटरी गुहागरास देवळासमोर उतरली, आणि गुरुजींसह सहा जणांनीं गाडी ढकलली. घाट मात्र गाडी नीट उतरली होती.

या हकिगतींतून जें मला दिसलें तें असें कीं, वडीलमाणसास त्याच्या अज्ञानाची जाणीव करून देण्यापेक्षां त्याच्या जुन्या ज्ञानाची आठवण करून देणें अधिक उपयोगी पडतें. ‘तुम्हांला ठाऊक नाहीं’ या शब्दांनीं आरंभ झालेलें कोणतेंही संभाषण सासऱ्यांशीं तडीस गेलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

आतां भाच्याकडे वळूं. हा तरुण, चांगल्या पगाराचा, आणि त्याची गाडी मामांच्या गाडीच्या दुप्पट उंच. छतास उघडणारी कांच आहे, ध्वनियंत्रणा अशी कीं कोपऱ्यावरून कळावें. टायर मात्र पाहूं नयेत. टायरच्या खांचांच्या तळाशीं जागोजागीं रबराचे बारीक उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांशीं समपातळींत आली कीं टायर संपला. पावसाच्या पाण्यास बाहेर पडावयास वाट राहत नाहीं आणि गाडी रस्त्यावर न राहतां पाण्यावर तरंगते. भाच्यास हें ठाऊक नसतें असें नाहीं. त्याची अडचण निराळी आहे. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलीची शाळा, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर खात्यांत शिल्लक राहिलेली इभ्रत. मोठ्या गाडीचे चार टायर म्हणजे लहान खर्च नव्हे. तो म्हणतो, ‘वेळच मिळत नाहीं हो.’ मराठी मध्यमवर्गांत ‘वेळ नाहीं’ याचा अर्थ पुष्कळदां ‘पैसे नाहींत’ असा असतो, आणि तो तसा ऐकूं आला तरी ऐकूं आला नाहीं असें दाखविणें हा आपला धर्म.

अशा भाच्यास चारचौघांत टोमणा मारणें हा दुष्टपणा आहे. त्याच्या सासरच्या माणसांसमोर तर नाहींच नाहीं. त्याला एकीकडे घेऊन सर्व्हिसिंगचें बिल मागावें, आणि त्यांतील कोणत्या ओळी खोडण्यासारख्या आहेत तें दाखवावें. रंगावर चकाकी चढविणें, गाडी आंतून वाफेनें धुणें, वातानुकूल यंत्रास सुगंध देणें, इंजिन आंतून साफ करण्याचें औषध घालणें, अशा गोष्टींनीं बिल फुगतें, आणि घाबरलेला तरुण मग सर्व्हिसिंगच टाळतो. ब्रेक, टायर, ऑइल, दिवे, वायपर आणि पट्टे, इतकें आधीं करून घे. उरलेलें दिवाळीनंतर पाहूं, असें कोणी समजुतीनें सांगितलें तर त्याच्या मनावरचें अर्धें ओझें उतरतें. चारऐवजीं दोनच टायर परवडत असतील तर दोन घ्यावेत. आणि ते कोणत्याही गाडीस मागील बाजूस लावावेत, असें टायर-उत्पादक सांगतात, कारण ओल्या रस्त्यावर मागचीं चाकें निसटलीं तर नवशिक्यास गाडी सांवरतां येत नाहीं. ही माहिती देणारा मामा भाच्यास हवासा वाटतो. उपदेश करणारा मामा त्याला फोनवर नांव पाहूनच ओळखतां येतो.

बारभाईचा कारभार असलेल्या घरांविषयीं फार बोलण्यासारखें नाहीं. गाडी नवऱ्याच्या नांवें, सकाळीं चालविते बायको, दुपारीं चालक, रविवारीं मुलगा. आणि हवा भरणें हें प्रत्येकाला दुसऱ्याचें काम वाटतें. येथें भावना दुखावण्याचा प्रश्नच नसतो. एका माणसाच्या नांवें काम लावून द्यावें म्हणजे झालें. अशा घरांत बहुधा सोळा-सतरा वर्षांची एखादी मुलगी असते, आणि इतरांच्या चुका काढण्यांत तिला मनापासून आनंद वाटतो. हवेचा मापक तिच्या हातीं द्यावा.

हवेचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज येथेंच दूर करतों, कारण तो अनेक सुशिक्षित आप्तांनीं मला शास्त्र म्हणून सांगितला आहे. उन्हाळ्यांत हवा फुगते, म्हणून टायरमध्यें मुद्दाम कमी भरावी, असें ते म्हणतात. वस्तुस्थिति उलट आहे. हवा कमी असली कीं टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते, वांकण्यानें रबर तापतें, आणि तापलेला टायर वेगांत फुटतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग २०२२ च्या डिसेंबरांत शिर्डीपर्यंत आणि २०२५ च्या जूनमध्यें पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. गांवांत चाळीसच्या वेगानें आठ वर्षें सुखानें नांदलेला टायर विदर्भाच्या मे महिन्यांत त्या रस्त्यावर तास-दीड तास धांवला, म्हणजे त्याची खरी परीक्षा होते. किती हवा भरावी तें चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेलें असतें. ती सकाळीं, गाडी थंड असतांना मोजावी. ‘मी नायट्रोजन भरतों, मला मोजावी लागत नाहीं,’ असेंही एक साडू म्हणतात. साध्या हवेंतसुद्धां ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हें त्यांस सांगण्याचें धैर्य मला अद्याप झालेलें नाहीं.

दुसऱ्याच्या गाडींत बसल्यावर न बोलतांही पुष्कळ कळतें. समोर तेलाच्या किटलीसारखा तांबडा दिवा लागला असेल, आणि मालक ‘तो लागतोच हो, गेला महिनाभर’ असें म्हणत असेल, तर गाडी तेथल्या तेथें बंद करावयास सांगावी. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचें सांगतो, आणि त्यानंतर इंजिन कांहीं मिनिटांचेंच सोबती असतें. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा एवढा उतावळा नसतो; त्याला दोन-चार दिवस चालतात, दोन-चार महिने नव्हेत. ब्रेक दाबतांना लोखंडावर लोखंड घांसल्याचा आवाज आला, किंवा मोकळ्या रस्त्यावर गाडी आपण होऊन एका बाजूस ओढूं लागली, तर मालकास तें ऐकूं येत नसतें, कारण त्याला त्याची संवय झालेली असते. पाहुण्यास ऐकूं येतें. आणि मागें बसलांत तर पट्टा शोधावा. आपल्याकडे नव्या गाडीस हौसेनें खोळी शिवतात आणि मागच्या पट्ट्यांचीं कुलुपें त्या खोळींखालीं कायमचीं गाडलीं जातात. २०२२ च्या सप्टेंबरांत पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा मोटार-अपघातांत मृत्यु झाला, तेव्हां मागच्या आसनावरील पट्ट्यांची चर्चा घरोघर झाली. चर्चा झाली, खोळी तशाच राहिल्या.

पेट्रोल वांचविण्यासाठीं घाटांत गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारे आप्त मात्र निगा न ठेवणाऱ्यांपेक्षांही धाडसी, आणि बहुधा दोन्ही गुण एकाच माणसांत असतात. त्यांस भीति घालून उपयोग नाहीं, हिशेब सांगावा. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्यें ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्यें टाकली तर इंजिन चालूं ठेवण्यासाठीं तो चालूं राहतो. म्हणजे न्यूट्रलनें पेट्रोल वांचत नाहीं, उलट जळतें; आणि वर इंजिनाचा ब्रेक जातो तो निराळाच. काटकसरी माणसास हा युक्तिवाद ताबडतोब पटतो. जीवाचा पटतोच असें नाहीं.

इतकें सर्व करूनही जो ऐकत नाहीं, त्याचें काय? त्याच्याशीं बोलणें सोडूं नये, परंतु त्याच्या गाडींत बसणें सोडावें. हें म्हणणें सोपें आणि करणें कठीण, याची मला कल्पना आहे. विशेषतः सुनेला आणि जांवयाला. म्हणून त्याची वेळ सांभाळावी. सामान गाडींत भरलें गेलें आहे, पोरें चढून बसलीं आहेत, शेजारी निरोप द्यावयास आले आहेत, आणि तेव्हां आपण टायरकडे पाहून मागें सरलों, तर तो अपमान होतो आणि वर्षानुवर्षें लक्षांत राहतो. आठ दिवस आधीं, एकट्यास, शांतपणें सांगावें: ‘दादा, या टायरांवर मी मुलांना घाट उतरूं देणार नाहीं. टायर बदललेत तर आपण सारे एकत्र जाऊं. नाहीं तर आम्ही एस. टी. नें येतों, स्वारगेटहून गाडी आहे.’ यापुढें एक अक्षरही वाढवूं नये. आणि खरोखरीच एस. टी. नें जावें, ऐन वेळीं विरघळलों तर पुढच्या वर्षीं आपल्या शब्दाला किंमत राहत नाहीं. माझ्या माहितींतील एका सूनबाईंनीं हें केलें. सासरीं दोन महिने अबोला होता. गाडीचे टायर तिसऱ्या महिन्यांत बदलले, आणि ते कोणामुळें बदलले याचा उच्चार आजतागायत झालेला नाहीं. तिनेंही केलेला नाहीं.

कायद्याचें नांव घरांत शक्यतों काढूं नये. परंतु आपल्यास तें ठाऊक असावें. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १९० मध्यें धोकादायक दोष असलेलें वाहन चालविणाराच नव्हे, तर तें चालवूं देणाराही दोषी धरला आहे. आणि दोष ठाऊक असलाच पाहिजे असें नाहीं, साध्या काळजीनें जो कळला असता तोही त्यांत येतो. म्हणजे ‘मला कल्पनाच नव्हती’ हा आपल्या घराण्यांतील सर्वांत लाडका बचाव तेथें चालत नाहीं. ज्या गाडीवर बापाचें नांव आहे आणि जी मुलगा रात्रीं-अपरात्रीं घेऊन जातो, तिच्या बापानें हें वाक्य एकदां तरी वाचलेलें बरें.

एक इशारा उत्साही मंडळींसाठीं. आप्तांच्या गाडीची निगा आपणच राखूं लागूं नये. म्हाताऱ्या आत्याबाईंची गाडी आपण वर्षांतून एकदां गॅरेजमध्यें नेऊन आणली तर तें कर्तव्यच आहे. परंतु धडधाकट मेहुण्याची गाडी एकदां कौतुकानें नेली, कीं दुसऱ्या वर्षीं तो आठवण करतो, तिसऱ्या वर्षीं तक्रार करतो. आणि बिलाचे पैसे आपण भरले तर गाडी सुधारते, नातें बिघडतें.

त्यापेक्षां खंडेनवमीचा उपयोग करून घ्यावा. शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करण्याची ही आपली जुनी चाल. आतां त्या दिवशीं मोटारीलाही झेंडूची माळ आणि आंब्याचा टाळ मिळतो. माळ घालण्यापूर्वीं अवजाराला धार लावावयाची, हेंही त्या चालींतच आलें. एका मोठ्या एकत्र गोतावळ्यांत मीं असें पाहिलें कीं, नवरात्रांतल्या रविवारीं सर्वांच्या गाड्या थोरल्या घराच्या अंगणांत येतात. बॉनेटें उघडलीं जातात. पावसाळ्यांत उंदरांनीं कोणाच्या तारा कुरतडल्या, कोणाच्या कांचेखालीं गुलमोहराचा पाला सांठून पाणी तुंबलें, हें सर्वांसमक्ष बाहेर येतें. सर्वांच्याच गाड्या उघड्या पडत असल्यामुळें कोणा एकाचा अपमान होत नाहीं. स्टेपनी काढून तींत हवा आहे कीं नाहीं हें पाहणें, हा त्या दिवसाचा मुख्य करमणुकीचा कार्यक्रम असतो. नंतर साबुदाण्याची खिचडी होते. त्या घरांत हवेचा मापक एकच आहे, आणि तो वर्षभर थोरल्या सूनबाईंच्या ताब्यांत असतो. इतर दिवशीं कोणी मागावयास आलें, तर ‘कोठें निघालांत, आणि बरोबर कोण कोण आहे?’ हें त्या आधीं विचारून घेतात.